गाडीचा एसी: गॅस भरा म्हणण्याआधी कॉम्प्रेसरच्या तेलाचा हिशोब विचारा

मार्च संपत आला की आमच्याकडं बेळगावला गॅरेजवर फोन सुरू होतात, निपाणीहून, संकेश्वरहून, खानापूरहून, सगळ्यांचं एकच, एसी थंड करीना झालाय, गॅस भरून द्या. मराठी गिऱ्हाईक म्हणतं गॅस भरा, कन्नड गिऱ्हाईक म्हणतं गॅस हाकरी, पण दोघांच्याही डोक्यात एकच बसलंय की पेट्रोल संपतं तसा एसीचा गॅस पण वापरून संपतो. संपत नाही हो तो. कॉम्प्रेसर नावाचा पंप बंद नळ्यांमधून तोच गॅस गोल गोल फिरवत राहतो. रबरी पाईप आणि कॉम्प्रेसरच्या शाफ्ट सीलमधून वर्षाला थोडे ग्रॅम झिरपतात हे खरं, त्यामुळं चार-पाच वर्षांनी थोडा कमी झाला तर समजू शकतो, पण दरवर्षी भरावा लागतोय म्हणजे कुठंतरी गळतोय, आणि गळताना तो एकटा जात नाही, तेल घेऊन जातो. हा लेख त्या तेलासाठीच लिहितोय, कारण गॅसचं सगळे विचारतात, तेलाचं कुणी विचारत नाही.

इंजिनचं ऑइल खाली चेंबरमध्ये साठतं, डिपस्टिक काढून बघता येतं. एसीच्या कॉम्प्रेसरचं तसं नाही. त्याचं तेल गॅसमध्ये मिसळून कंडेन्सर (पुढं बंपरमागं गॅस निववणाऱ्या नळ्या), ड्रायर (ओलावा शोषणारा), कूलिंग कॉइल (डॅशबोर्डच्या आत हवा गार करणारी), सगळीकडं फिरून परत कॉम्प्रेसरला येतं. डिपस्टिक नाही, काच नाही, उघडल्याशिवाय किती आहे ते कळत नाही. आणि असतं किती, तर लहान गाडीत सगळ्या सिस्टिमला मिळून साधारण ८० ते १२० मिली, म्हणजे हॉटेलातला एक लहान ग्लास चहा. त्यातलं ३०-४० मिली गेलं की कॉम्प्रेसर कोरडा पडायला लागतो.

खानापूरच्या एका मामांची गाडी आठवते. गोव्याच्या भाड्याला चोर्ला घाटातून सारखी वरखाली. दोन उन्हाळ्यात त्यांनी वेगवेगळ्या ठिकाणी चार वेळा गॅस भरून घेतला, प्रत्येक वेळी अर्ध्या तासात काम, बिल, बाहेर. चौघांपैकी एकानंही लिकेज शोधलं नाही. शेवटी घाटातच कॉम्प्रेसर जाम झाला आणि बेल्टचा धूर निघाला. माझ्याकडं आणली तेव्हा कॉम्प्रेसर काढून उलटा धरला, खाली मापाचा ग्लास ठेवला. १२ मिली पडलं, बस्स. काजळासारखं काळं, आणि ग्लास उन्हात तिरका केला तर आत चंदेरी कण चमकत होते, ते ॲल्युमिनियम, कॉम्प्रेसरच्या आतलंच. मामा ग्लासाकडं बघत राहिले, म्हणाले दरवेळी गॅस भरलाय की मी, मग हे असं कसं. गॅस भरला मामा, तेल कुणी भरलं नाही.

गॅसच्या आधी काय बघायचं

थंड करीना म्हणजे गॅसच कमी असं नाही. माझ्याकडं येणाऱ्या पुष्कळ गाड्यांना गॅसची गरजच नसते. पहिलं केबिन फिल्टर काढून बघा, बहुतेक गाड्यांत ग्लोव्हबॉक्सच्या मागं असतो, पाच मिनिटांचं काम. खानापूर साइडची तांबडी धूळ आणि अथणी-गोकाककडची काळ्या मातीची धूळ, दोन्हीत फिल्टर असा भरतो की हवाच येत नाही, मग आत कॉइल गार असून काय उपयोग.

मग पुढचं बंपरचं जाळं, त्याच्या मागं कंडेन्सर. ऊसाचा सीझन असला की निपाणी-चिकोडी रोडला ट्रॉल्यांच्या मागं गाडी चालवली की पाचटाचे तुकडे आणि चिपाडाचा भुसा जाऊन कंडेन्सरच्या फिन्समध्ये, म्हणजे पातळ पत्र्यांमध्ये, बसतो. हायवेला गार, गावात गरम अशी तक्रार असेल तर आधी इथं बघा. धुवायचं ते साध्या पाईपच्या पाण्यानं, शक्य असेल तर इंजिनच्या बाजूनं बाहेरच्या दिशेनं. सर्व्हिसिंग सेंटरचं प्रेशर वॉशर जवळून मारू नका, फिन्स झोपतात आणि एकदा झोपल्या की हवा अडते, मग एकेक सरळ करत बसावं लागतं.

एसी चालू केल्यावर पुढचा फॅन फिरतोय का बघा. बेल्ट ढिला आहे का, कॉम्प्रेसरच्या पुलीच्या तोंडावरची क्लचची प्लेट टक्क करून आत ओढली जाते का तेही बघा. काही नवीन गाड्यांत क्लचच नसतो, कॉम्प्रेसर कायम फिरतो आणि आतला कंट्रोल व्हॉल्व्ह त्याचं पंपिंग कमीजास्त करतो, तिथं टक्क आवाज यायचा नाही, घाबरू नका.

हे सगळं घरी करण्यासारखं. इथून पुढचं गेज, व्हॅक्युम पंप आणि वजनकाटा असलेल्या माणसाचं काम, पण वाचून ठेवा, समोर उभं राहून बघता तरी येईल.

स्टिकर वाचा

बॉनेटच्या आतल्या बाजूला किंवा पुढच्या पट्टीवर एसीचं स्टिकर असतं. त्यावर गॅस कुठला आणि किती ग्रॅम, आणि बऱ्याच वेळा तेल कुठलं हे लिहिलेलं असतं. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत आर-१३४ए. अगदी जुन्या गाड्यांत आर-१२ होता, तो ओझोनच्या थराला खातो म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर हळूहळू गेला. काही नवीन गाड्यांत आर-१२३४वायएफ असतो, त्याचे कपलर, म्हणजे होस जोडायची तोंडं, वेगळे, तेल वेगळं, आणि तो थोडा पेट घेणारा आहे. लहान गाडीला साधारण ३५० ते ५०० ग्रॅम, मागं दुसरी कॉइल असलेल्या मोठ्या गाडीला जास्त. अंदाजानं नाही, स्टिकरवर जे असेल ते.

स्वस्तात गॅस भरून देतो म्हणणाऱ्यापासून लांब राहा. एलपीजी मिसळलेला माल फिरतो बाजारात. थंड करतो पण, मस्त थंड करतो, म्हणून तर लोक फसतात. कूलिंग कॉइल डॅशबोर्डच्या आत असते, ती गळाली तर पेटणारा गॅस बंद केबिनमध्ये तुमच्या पोराबाळांसोबत भरणार.

गेज लावून काय वाचायचं

इंजिन बंद असताना आधी गेज लावा. आर-१३४ए सिस्टिममध्ये थोडासा जरी द्रव गॅस असला तरी प्रेशर फक्त तापमानावर ठरतं, २० डिग्रीला साधारण ६८ पीएसआय (प्रेशरचं माप), ३० डिग्रीला ९७ च्या आसपास. याच्यापेक्षा बरंच कमी दिसलं म्हणजे गॅस जवळजवळ गेलाय. पण बरोबर दिसलं म्हणजे गॅस पुरेसा आहे असं नाही, शंभर ग्रॅम असला तरी तेच दिसणार, इथं बरेच जण चुकतात.

मग गाडी चालू, एसी फुल, ब्लोअर फुल, दारं उघडी, इंजिन १५०० आरपीएमच्या आसपास. एप्रिलच्या ३५ डिग्रीत लो साइड (कॉम्प्रेसरकडं परत येणारी कमी प्रेशरची बाजू) साधारण २५ ते ४५ आणि हाय साइड (कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणारी जास्त प्रेशरची बाजू) २०० ते २५० ला बसली तर ठीक. जुलै-ऑगस्टमध्ये बेळगावात बाहेर २२ डिग्री असताना हाय साइड १३०-१७० ला बसली तरी तेही ठीकच. उन्हाळ्याचा आकडा पावसात गाठायचा म्हणून गॅस कोंबत बसू नका, मे महिन्यात ह्याच गाडीचा एसी प्रेशर जास्त होऊन मधेच बंद पडायला लागेल.

दोन्ही कमी असतील तर गॅस कमी. दोन्ही जास्त असतील तर गॅस जास्त झालाय, कंडेन्सर घाण आहे, फॅन बंद आहे, किंवा आत हवा शिरली आहे. लो साइड जास्त आणि हाय साइड कमी म्हणजे कॉम्प्रेसर आतून थकलाय. आणि सुरुवातीला छान गार, दहा-पंधरा मिनिटांनी लो साइड शून्याच्या खाली जाते, हवा गरम येते, गाडी थोडा वेळ बंद करून परत लावली की परत गार, असं असेल तर आत पाणी शिरलंय. एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या बारीक भोकात त्याचा बर्फ होतो आणि वाट बंद होते. अशा गाडीत कितीही गॅस भरा, उपयोग नाही.

लिकेज तेलच दाखवतं

गॅस दिसत नाही, पण त्याच्यासोबत बाहेर आलेलं तेल दिसतं. तेलावर धूळ चिकटते. त्यामुळं जॉइंटजवळ, कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यात, कॉम्प्रेसरच्या क्लचमागं, सर्व्हिस व्हॉल्व्हच्या टोपीखाली, कुठंही तांबूस चिकट डाग दिसला की आधी तिथं साबणाचा फेस लावा. खडीवाल्या रस्त्यावर पळणाऱ्या गाड्यांत कंडेन्सरला दगड लागून बारीक भोक पडणं नेहमीचं.

सिस्टिम रिकामी असेल तर नायट्रोजननं १५० पीएसआयपर्यंत भरून ठेवा आणि तासभर बघा, काटा हलतोय का. रेग्युलेटरशिवाय नायट्रोजनचा सिलिंडर जोडायचा नाही. आणि पंक्चरच्या कॉम्प्रेसरची हवा नको, तिच्यात पाण्याची वाफ असते. ऑक्सिजन तर कधीच नाही, वेल्डिंगचा सिलिंडर जवळ उभा आहे म्हणून कुणी हात लावू नका, ऑक्सिजन आणि तेल प्रेशरखाली एकत्र आले की स्फोट होतो. हे मी आमच्या प्रत्येक नवीन पोराला पहिल्या दिवशी सांगतो.

कूलिंग कॉइलचं लिकेज डॅशबोर्ड न उघडता बघायचं तर ब्लोअर बंद करून थोडा वेळ थांबा आणि खाली पाणी पडतं त्या ड्रेन पाईपच्या तोंडाला लीक डिटेक्टर धरा.

लिकेज बंद करणारं औषध डब्यात मिळतं, ते घालू नका. व्हॉल्व्ह चोक होतो, गॅस काढायचं मशीन खराब होतं, आणि नंतर गाडी उघडणारा मेस्त्री तुम्हाला मनातून बोलतो.

गॅस काढताना तेल मोजा

आपल्या भागात अजून पुष्कळ ठिकाणी व्हॉल्व्हची पिन दाबून गॅस हवेत सोडून देतात, फुस्स करून दोन मिनिटांत मोकळं. आर-१३४ए हवेत गेला की कार्बन डायऑक्साइडच्या १४३० पट उष्णता धरतो असं मानलं जातं, त्यामुळं ते चूकच, पण त्याहून जवळचं नुकसान तुमच्या गाडीचं आहे. एवढ्या जोरात गॅस बाहेर आला की तेल ओढून घेऊन येतो, फडक्यावर पिवळट फवारा दिसतो तो तेलाचाच. किती गेलं कुणी मोजत नाही आणि परत कुणी घालत नाही. रिकव्हरी मशीननं हळू काढला की तेल वेगळं होऊन मशीनच्या बाटलीत जमतं. काम सुरू करायच्या आधी त्या बाटलीची पातळी बघून ठेवा, नंतर परत बघा. ७ मिली आलं तर ७ मिली नवीन तेल परत घालायचं, जुनं नाही.

हातमोजे आणि चष्मा घालूनच हे काम. आर-१३४ए उणे २६ डिग्रीला उकळतो, द्रव डोळ्यात उडाला तर डोळा जाऊ शकतो. आणि जवळ बिडी-सिगारेट, ज्योत काही नको, जळालेल्या गॅसचा विषारी धूर होतो.

तेल कुठलं

आर-१३४ए सोबत बहुतेक पीएजी जातीचं कृत्रिम तेल. त्यात ४६, १०० आणि १५० असे नंबर, तो नंबर म्हणजे ४० डिग्रीला तेल किती जाड आहे ते. कुठला नंबर हे कॉम्प्रेसर ठरवतो, गाडीची किंमत नाही आणि दुकानदार तर नाहीच. कॉम्प्रेसरच्या अंगावरच्या लेबलवर बघा, डेन्सो कंपनीच्या कॉम्प्रेसरवर एनडी-८ असेल तर ते ४६ च्या जातीचं, सँडन कंपनीच्या कॉम्प्रेसरवर एसपी-२० असेल तर १०० च्या जातीचं. पातळ लागतं तिथं जाड घातलं की तेल वेळेत परत येत नाही, जाड लागतं तिथं पातळ घातलं की थर टिकत नाही. आर-१२ च्या काळातलं मिनरल तेल आर-१३४ए मध्ये मिसळतच नाही, ते कॉइलमध्ये जाऊन बसतं. इंजिन ऑइल, हायड्रॉलिक ऑइल यांचा तर विषयच नको.

हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्या आता आपल्याकडंही दिसायला लागल्यात. त्यांच्या कॉम्प्रेसरमध्ये मोटर आतच असते, तेलात बुडलेली, हाय व्होल्टेजवर चालणारी. पीएजी वीज वाहू देतं, म्हणून तिथं पीओई जातीचं इन्सुलेशनवालं तेल लागतं, डेन्सोत एनडी-११. साध्या गाडीवर वापरलेल्या होसमधून थोडं पीएजी आत गेलं तरी इन्सुलेशन बिघडतं. तिथं होस वेगळे, मशीन वेगळं, आणि हाय व्होल्टेजचं ट्रेनिंग नसलेल्यानं हात लावायचा नाही.

पीएजीची सगळ्यात मोठी खोड म्हणजे ते हवेतलं पाणी शोषतं. उघडा डबा म्हणजे उघडं मीठ. आपल्याकडं जुलैत मिठाच्या बरणीचं काय होतं माहिती आहे ना, खडे होतात, पाणी सुटतं. तेलाचंही तसंच, फक्त डोळ्याला दिसत नाही. ते पाणी आत जाऊन आम्ल तयार होतं आणि कॉइल आतून खातं. म्हणून लहान डबा घ्या, लागेल तेवढं मापात ओता आणि लगेच झाकण. मागच्या सीझनचा अर्धा डबा ह्या सीझनला वापरू नका. मी तर पावसाळ्यात सिस्टिम उघडायचं काम शक्यतो उघडीप बघून दुपारी करतो आणि सुटलेल्या प्रत्येक पाईपच्या तोंडाला तेवढ्यात टोपी किंवा टेप लावतो.

कॉम्प्रेसर बदलताना तेलाचा हिशोब

इथं सावकाश वाचा, कारण नवीन कॉम्प्रेसर वर्षात परत गेला अशी तक्रार असते तेव्हा बहुतेक वेळा चूक इथं झालेली असते.

जुना कॉम्प्रेसर काढला की त्याचं तेल मापाच्या ग्लासात काढायचं. ड्रेन प्लग असेल तर तिथून, नसेल तर गॅसच्या दोन्ही तोंडांतून, क्लचचा हब हातानं आठ-दहा वेळा फिरवत, आणि मग उलटा करून निथळत ठेवायचा. माप नसेल तर मेडिकलमधली सिरिंज घ्या. आता दोन गोष्टी बघायच्या, किती आणि कसं. पिवळट स्वच्छ असेल तर छान. हिरवट चमकणारं असेल तर कुणीतरी आधी लीक शोधायची डाय घातलेली आहे. काळं असेल तर तेल जळालंय. चंदेरी कण असतील तर कॉम्प्रेसर आतून फुटत होता आणि ती घाण सगळीकडं गेलेली आहे.

नवीन कॉम्प्रेसर बहुतेक वेळा सगळ्या सिस्टिमचं तेल पोटात घेऊनच येतो. समजा नवीनमध्ये ११० मिली आहे आणि जुन्यातून ४० मिली स्वच्छ निघालं. उरलेलं ७० मिली कुठं गेलं? गळाल्याची खूण नसेल तर ते कॉइल, कंडेन्सर आणि पाईपमध्येच आहे. म्हणजे नवीन आहे तसा बसवला तर सिस्टिममध्ये १८० मिली होईल. जास्त तेल पण वाईटच, कॉइलच्या आतून त्याचा थर बसतो, गारवा कमी होतो, आणि द्रव तेल कॉम्प्रेसरच्या सिलिंडरमध्ये आलं तर ते दबत नाही, व्हॉल्व्हच्या पट्ट्या मोडतात. म्हणून नवीनमधलं तेल स्वच्छ ग्लासात काढायचं आणि जुन्यात होतं तेवढं म्हणजे ४० मिली, वर जुन्याच्या आत चिकटून राहिलेल्याचे १० मिली धरून, परत घालायचं. फक्त रिकामा कॉम्प्रेसर मागवला असेल तर तोच हिशोब, ओतायचं फक्त आपण.

सिस्टिम धुवून काढली आणि कंडेन्सर, ड्रायर पण नवीन टाकले तर मात्र आत जुनं तेल उरलेलं नसतं, तिथं पुस्तकात दिलेलं पूर्ण माप. एखादाच पार्ट बदलला तर त्याच्या वाट्याचं, कंडेन्सरला साधारण ३०-४० मिली, कूलिंग कॉइलला ४०-५०, ड्रायरला १०-२०, एका पाईपला १० च्या आसपास. गाडीगणिक फरक पडतो, मॅन्युअलमध्ये आकडा असेल तर तोच धरा.

मामांच्या गाडीसारखे चंदेरी कण निघाले तर नुसता कॉम्प्रेसर बदलून चालत नाही. नवीन कंडेन्सरच्या नळ्या इतक्या बारीक असतात की फ्लश करून कण निघत नाहीत, कंडेन्सर बदलायचाच. एक्सपान्शन व्हॉल्व्ह बदलायचा, ड्रायर बदलायचा, पाईप आणि कूलिंग कॉइल फ्लश करून नायट्रोजननं कोरडी करायची. हे सांगताना मलाही जड जातं, खर्च पाच आकडी होतो. पण जुनी घाण ठेवून नवीन कॉम्प्रेसर बसवला तर ती घाण आधी त्यालाच खाते.

ड्रायर म्हणजे आतला ओलावा शोषणारी पुरचुंडी. सिस्टिम बराच वेळ उघडी राहिली असेल तर तो भरून गेलेला असतो, बदला. त्याच्या टोप्या सगळ्यात शेवटी काढायच्या. सुटलेल्या प्रत्येक जॉइंटला नवीन ओ-रिंग, एसीचीच, तिला त्याच तेलाचं बोट लावून बसवा. ओ-रिंग किती पैशाची असते, आणि तिच्यापायी पाचशे ग्रॅम गॅस जातो.

सगळं बसवलं की कॉम्प्रेसर चालू करायच्या आधी हातानं दहा वेळा फिरवा, सिलिंडरमध्ये साठलेलं तेल बाजूला जाऊ दे.

व्हॅक्युम, आणि बेळगावचा काटा

व्हॅक्युम पंप हवा काढतो, पण त्याचं खरं काम आतलं पाणी उकळवून वाफ करून बाहेर काढणं. दाब कमी केला की पाणी थंडीतच उकळतं. २५ डिग्रीला पाणी उकळायचं तर आतला दाब पाऱ्याच्या २४ मिलिमीटरच्या खाली गेला पाहिजे, २० डिग्रीला साडेसतराच्या खाली. म्हणजे गाडी जितकी गार तितकं काम अवघड. आपल्याकडं डिसेंबरच्या सकाळी किंवा ऑगस्टच्या पावसात आधी इंजिन थोडं तापवून बॉनेट बंद ठेवायचं, मग पंप लावायचा.

आता एक गोष्ट जी पुस्तकात समुद्रसपाटीची लिहिलेली असते. व्हॅक्युमचा काटा पाऱ्याच्या २९.९ इंचाला गेला पाहिजे असं सगळीकडं वाचाल. बेळगाव साधारण ७५० मीटर उंचीवर आहे, इथं हवेचाच दाब २७ इंचाच्या थोडा वर आहे, मग काटा २९.९ ला जाईल कसा? इथं २७ च्या आसपास थांबला म्हणजे पंपानं आपलं काम केलं. तोच पंप, तेच गेज चोर्ला उतरून पणजीत लावा, ३० च्या जवळ जाईल. आमच्याकडचा एक पोरगा काटा पुढं जाईना म्हणून दोन दिवस पंपाचं तेल बदलत बसला होता, मी बाहेरगावी होतो, सांगायला कुणी नव्हतं. आणि काटा २७ ला गेला म्हणजे आत कोरडं झालं असंही नाही, त्याला तेवढा बारीक फरक दिसत नाही, अगदी बारीक दाब मोजणारं मायक्रॉन गेज असेल तर ५०० मायक्रॉनच्या खाली जाऊ दे.

कमीत कमी ४५ मिनिटं, पावसाळ्यात किंवा सिस्टिम उघडी राहिली असेल तर दीड तास. मग पंपाचा व्हॉल्व्ह बंद करून अर्धा तास बघत राहा. काटा मागं यायला लागला तर लिकेज आहे किंवा आत अजून पाणी आहे, पुढं जाऊ नका. दहा मिनिटं पंप चालवून झालं की म्हणणारा तुमचा वेळ वाचवत नाही, तुमच्या कॉम्प्रेसरचं आयुष्य कापतोय.

गॅस वजनानं

परत घालायचं तेल असेल तर ते आता, व्हॅक्युम असतानाच ऑइल इंजेक्टरनं ओढून घ्यायचं. मग सिलिंडर वजनकाट्यावर, काटा शून्य, होसमधली हवा काढून टाकायची. इंजिन बंद ठेवून हाय साइडनं द्रव गॅस सोडायचा, जाईल तेवढा. तो थांबला की हाय साइडचा व्हॉल्व्ह घट्ट बंद, हातानं परत एकदा बघायचा, आणि मगच गाडी चालू करून उरलेला गॅस लो साइडनं वाफेच्या रूपात, सिलिंडर सरळ उभा ठेवून, हळूहळू. गाडी चालू असताना हाय साइड उघडली तर २०० पीएसआयच्या वरचं प्रेशर उलटं गॅसच्या डब्यात जातं आणि डबा हातात फुटतो. आणि चालू कॉम्प्रेसरला लो साइडनं द्रव पाजला तर त्याच्या पट्ट्या मोडतात, वर द्रव गॅस तेल धुवून नेतो ते वेगळंच.

गॅस हळू जातोय म्हणून डबा कोमट पाण्याच्या बादलीत ठेवायला हरकत नाही. ज्योत लावायची नाही. स्टिकरवर ४२० असेल तर ४२० ला बंद. गार वाटतंय अजून थोडा घाला म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाचं ऐकायचं नाही, गिऱ्हाईक रागावलं तरी चालेल.

मग मधल्या जाळीत थर्मामीटर घाला, दारं बंद, हवा आतल्या आत फिरेल असं बटण. दहा मिनिटांत ५ ते १० डिग्रीच्या मध्ये आला की झालं, फार कडक उन्हात दोन-तीन डिग्री जास्त धरा. गाडीखाली पाणी ठिबकत असेल तर चांगलंच आहे. ते पाणी बाहेर न पडता आत पायाशी साचत असेल तर ड्रेन पाईप तुंबलाय, तार घालून मोकळा करा.

वापरताना

बेळगावात जूनपासून फेब्रुवारीपर्यंत एसी लावायची फार गरज पडत नाही, त्यामुळं लोक सहा-आठ महिने बटणालाच हात लावत नाहीत. तेल खाली बसून राहतं, शाफ्टचं सील कोरडं पडतं आणि मार्चमध्ये पहिल्यांदा चालू केलं की गळतं. आठवड्यातून एकदा दहा मिनिटं एसी लावा, पावसात तसंही काचेवरची वाफ त्यानंच जाते. आंबूस वास येत असेल तर घर यायच्या तीन मिनिटं आधी एसी बंद करून नुसता ब्लोअर ठेवा, कॉइल सुकते.

हायवेवरच्या ट्रकवाल्यांना पण सांगतो, १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मोठ्या ट्रकना केबिन एसी सक्तीचा झालाय, म्हणजे आता पुण्या-बेंगळूर रोडला धाब्याजवळ गॅस भरून देणारे पण वाढणार. उभ्या उभ्या गॅस भरून घेऊ नका.

आमच्याकडं काम झालं की बॉनेटच्या आत एक चिठ्ठी चिकटवतो. तारीख, काढलेला गॅस किती ग्रॅम, भरलेला किती, तेल कुठलं, निघालं किती मिली, घातलं किती, लिकेज कुठं होतं. तुमचा मेस्त्री देत नसेल तर मागून घ्या, नसेल जमत तर त्याच्यासमोर मोबाईलमध्ये लिहून ठेवा. मामांच्या गाडीवर तशी चिठ्ठी आहे, पीएजी ४६, ११० मिली, आणि त्यांनी स्वतःच्या हातानं खाली लिहिलंय, दर रविवारी १० मिनिटं.